ताळेबंदात उरलेली एक ओळ

बँकेची इमारत जितकी देखणी, तितका तिचा ताळेबंद बारकाईने वाचावा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. नोकरी नागरी सहकारी बँकेतली, आणि तीही बरीचशी कर्ज व वसुली विभागातली. त्यामुळे संगमरवरी पायऱ्या दिसल्या की मला आधी थकबाकीदारांची यादी आठवायची. आमच्याच बँकेने मुख्य कार्यालयासाठी इमारत निधी उभा करायला घेतला, तेव्हा मी सभेत म्हणालो होतो की ठेवीदार व्याजासाठी येतो, जिना बघायला येत नाही. टाळ्या पडल्या. इमारत व्हायची ती झालीच, ही गोष्ट वेगळी.

निवृत्तीनंतर सहकारी बँकांच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण वर्ग घेऊ लागलो, तेव्हा या मताला एक अमेरिकन उदाहरण जोडलं. एका तिकीट जमवणाऱ्या सहकाऱ्याच्या अल्बममध्ये 1981 सालचं 18 सेंटचं तिकीट होतं. त्यावर एक चौकोनी, तांबूस, मोठ्या कमानीची इमारत होती. खाली नाव होतं नॅशनल फार्मर्स बँक, ओवाटोना, मिनेसोटा, आणि वास्तुकार लुई सलिव्हन. तालुक्याच्या गावातली बँक पोस्टाच्या तिकिटावर कशी आली, या कुतूहलाने मी माहिती काढली. इमारत 1908 ची, बँक बुडाली 1926 साली. मला याहून जास्त काही नकोच होतं. फळ्यावर दोन्ही सालं एकाखाली एक लिहायची आणि म्हणायचं, कर्ज काढून मांडव सजवणाऱ्या वधूपित्याचं जे होतं ते या बँकेचं झालं. वर्ग हसायचा.

हे मी पुष्कळ वर्षं केलं. एकदा मराठवाड्यातल्या एका बँकेतून आलेल्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, त्या काळात साध्या इमारतीतल्या बँका बुडाल्या नाहीत का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण घरी येऊन वाचायला बसलो. आज ते फळ्यावरचं उदाहरण मी देत नाही. म्हणजे ओवाटोनाबद्दल बोलतो, पण वेगळं बोलतो. ते काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

ओवाटोना हे मिनियापोलिसच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवरचं, स्टील काउंटीचं मुख्य ठिकाण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकवस्ती पाच-सहा हजारांची. भोवती शेती आणि दूधदुभतं. लोण्यासाठी प्रसिद्ध असलेला मुलूख. गावाच्या मध्यावर एक बाग आणि तिच्यासमोर सीडर आणि ब्रॉडवे या रस्त्यांचा कोपरा. मोक्याची जागा. शेतकऱ्यांच्या पैशावर चालणारी बँक अशाच कोपऱ्यावर असायची.

बँकेचे अध्यक्ष बेनेट, आणि त्यांचा मुलगा कार्ल केंट बेनेट उपाध्यक्ष. कार्ल हार्वर्डला शिकलेला, संगीताचं वेड असलेला माणूस. मनात संगीताचा मार्ग होता, पण वडिलांचा व्यवसाय सांभाळायला गावी परतला. आपल्याकडे पेढी चालवणाऱ्या घराण्यांत असा एखादा मुलगा हमखास सापडतो. दिवसा खातेवही आणि संध्याकाळी पेटी.

नवी इमारत बांधायची ठरली, तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ग्रीक देवळासारखे खांब उभारता आले असते. अमेरिकेतल्या बँका तेव्हा तशाच बांधल्या जात, कारण खांब पाहून माणसाला तिजोरी आठवते अशी समजूत होती. कार्ल बेनेटने तो पर्याय विचारात घेतला आणि सोडला. का, ते त्याने 1908 च्या नोव्हेंबरात 'द क्राफ्ट्समन' या मासिकात स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याचं म्हणणं असं की तशा इमारतीतून बँकेच्या कामाचं स्वरूप काही कळत नाही, आणि व्यवहारातही ती अडचणीची ठरते. आत कोण कुठे बसेल, काम कसं फिरेल, हा विचार बँकेत कित्येक वर्षं चालू होता. आतली मांडणी आधी डोक्यात होती आणि तिला शोभेल असा वास्तुकार नंतर शोधला गेला.

हे वाचलं आणि मी जरा सावरून बसलो. मी पाहिलेल्या बँक-इमारतींत आधी दर्शनी भागाचं रंगीत चित्र मंजूर व्हायचं. कॅश काउंटर कुठे, शिपाई कुठे बसणार, पेन्शनचे म्हातारे कुठे उभे राहणार, हे उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात ठरायचं.

वास्तुकारही त्याच मासिकातून सापडला. 1906 साली 'क्राफ्ट्समन'ने लुई सलिव्हनचा वास्तुकलेवरचा एक लेख छापला होता. तो वाचून बेनेटने त्याला पत्र लिहिलं. सलिव्हन म्हणजे शिकागोच्या ऑडिटोरियम इमारतीचा, उंच इमारतींना पहिल्यांदा स्वतःचं रूप देणारा माणूस. फ्रँक लॉइड राइट त्याच्याच हाताखाली शिकला. पण डँकमार आडलरशी असलेली भागीदारी 1895 मध्ये मोडल्यापासून त्याच्याकडे कामं येणं आटलं होतं. मोठ्या शहराने पाठ फिरवलेल्या या माणसाला एका शेतकरी गावाच्या बँकेने काम दिलं. पुढे त्याने अशा छोट्या गावांत आणखी बँका बांधल्या. आयोवातल्या ग्रिनेलची, ओहायोतल्या सिडनीची, विस्कॉन्सिनमधल्या कोलंबसची; एकूण आठ इमारती या मालिकेत धरतात. ओवाटोनाची पहिली आणि सगळ्यांत श्रीमंत.

या इमारतीबद्दल मी पूर्वी फक्त 'खर्चिक' हा एक शब्द वापरायचो. ती खर्चिक होती, अंदाजापेक्षा जास्त खर्च झाला, हेही खरं. पण खर्च कशावर झाला?

बँकेचा मुख्य भाग 68 फूट लांब-रुंद, चौरस. पायाला तांबडा वालुकाश्म, वर खडबडीत कापलेल्या अनेक छटांच्या विटा. दुरून भिंत तपकिरी-लाल दिसते, आणि जवळ गेलं की एका रंगाच्या दोन विटा शेजारी सापडत नाहीत. रस्त्याकडच्या दोन्ही भिंतींत एकेक अर्धवर्तुळाकार कमान, 36 फूट रुंद, रंगीत काचेने भरलेली. तिच्याभोवती हिरवट टेराकोटाची चौकट आणि निळ्या-हिरव्या काचेच्या मोझेकची पट्टी. आत उरलेल्या दोन भिंतींवर तशाच कमानी, पण काचेऐवजी ऑस्कर ग्रोस या चित्रकाराची चित्रं. एकावर शेतीकाम आणि दुसऱ्यावर गाई. बँकेत गाईंचं चित्र! लक्ष्मीचा फोटो मी शेकडो शाखांत पाहिला, पण कर्जाचा हप्ता जिच्या दुधावर फिटतो ती गाय भिंतीवर लावण्याचं धारिष्ट्य कुठल्या संचालक मंडळाने दाखवलेलं पाहिलं नाही. छतापासून चार प्रचंड ओतीव लोखंडी दिवे लोंबतात, एकेक सव्वादोन टनांचा. ते सलिव्हनचा साहाय्यक जॉर्ज ग्रँट एल्म्स्ली याने काढले, आणि इमारतीतलं बरंचसं नक्षीकाम त्याचंच. पोस्टाच्या तिकिटावर त्याचं नाव नाही. काम साहाय्यकाचं आणि सही साहेबांची, हा प्रकार फक्त बँकेत चालतो असं मला वाटायचं.

आता माझ्यासारख्या वसुलीवाल्याच्या कामाची गोष्ट. नकाशात शेतकऱ्यांसाठी एक खोली होती, बाजाराला आलेल्यांनी बसावं, बोलावं, सौदे करावेत म्हणून. बायकांसाठी वेगळी खोली होती. गाडी जुंपून दिवसभरासाठी तालुक्याला आलेल्या बाईला तेव्हा गावात टेकायला जागा कुठली असणार, याचा विचार कोणीतरी केला होता. आणि चौरस बँकेच्या मागे, त्याच जागेवर, भाड्याने देण्यासाठी दुकानं आणि कार्यालयं यांची दुमजली जोड-इमारत होती. प्रकाशचित्रांत ती नेहमी कापलेली असते, त्यामुळे मला तिचा पत्ताच नव्हता. ज्या इमारतीला मी उधळपट्टी म्हणत होतो, तिच्या मागच्या अंगाला भाडं देणारे गाळे होते.

तरीही बँक बुडाली. ती का बुडाली, हे मी आधी पाहायला हवं होतं. थकबाकीची कारणमीमांसा लिहिणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन शेतमालाला सोन्याचे दिवस आले. सरकारने गव्हाला किमान भाव बांधून दिला, बुशेलला दोन डॉलरच्या वर दर गेला. शेतकऱ्यांनी चढ्या भावाने जमिनी घेतल्या, यंत्रं घेतली, आणि बँकांनी त्या जमिनी तारण धरून कर्जं दिली. राष्ट्रीय बँकांना शेतजमिनीवर कर्ज द्यायची मुभाच मुळी 1913 च्या फेडरल रिझर्व्ह कायद्याने मिळाली होती. 1920 मध्ये हमीभाव गेला, युरोपची शेती सावरली, आणि 1921 पर्यंत गहू जवळपास निम्म्यावर आला. कर्जाचा आकडा तेवढाच, पण तारण जमिनीचा भाव आणि पिकाचं उत्पन्न दोन्ही खाली. यात कुठल्याही बँकेचं काय होतं, हे आपल्या जिल्हा बँकांत काम केलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको. 1921 ते 1929 या काळात, म्हणजे महामंदी यायच्याही आधी, अमेरिकेत साडेपाच हजारांहून अधिक बँकांनी दारं बंद केली. त्यांतल्या बहुतेक खेड्यापाड्यांतल्या आणि छोट्या; त्यांत साध्यासुध्या इमारतींतल्या पुष्कळ असणार. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. साध्या इमारतीतल्या बँकाही बुडाल्या, आणि फार मोठ्या संख्येने बुडाल्या.

म्हणजे ओवाटोनाची बँक कमानीने बुडवली नाही, शेतीकर्जांनी बुडवली. मी दोन सालं एकाखाली एक लिहिली होती आणि मधल्या अठरा वर्षांतला गहू वगळला होता.

इथपर्यंत मत बदलणं सोपं होतं. एवढंच असतं तर मी वर्गात उदाहरण बदललं असतं आणि गप्प बसलो असतो. खरा बदल झाला तो त्या बँकेचा ताळेबंद मनातल्या मनात मांडून पाहिला तेव्हा. 1926 नंतर काय उरलं? कर्जं बुडीत. ठेवी अडकलेल्या; ठेवविमा तेव्हा नव्हताच, तो अमेरिकेत 1934 साली सुरू झाला. भागभांडवल गेलं. कार्ल बेनेटची मालमत्ता गेली, पत गेली, आणि त्याला गाव सोडून जावं लागलं. सलिव्हन तर 1924 मध्येच शिकागोच्या एका साध्या हॉटेलच्या खोलीत कफल्लक अवस्थेत वारला होता. 1909 सालीच त्याला घरातल्या वस्तू लिलावात काढाव्या लागल्या होत्या आणि एल्म्स्लीला पगार देणं परवडेना म्हणून सोडावं लागलं होतं. एकेक नोंद खोडत गेलं की मालमत्तेच्या बाजूला एकच ओळ शाबूत राहते, ती म्हणजे इमारत. 1929 मध्ये दुसऱ्या बँकेने ती घेतली आणि तिथे पुन्हा बँक सुरू झाली. पुढे ती नॉर्वेस्टकडे आणि मग वेल्स फार्गोकडे गेली. आम्ही दरवर्षी जिच्यावर घसारा लावतो, जी कमावत नाही म्हणून मी सभेत जिच्याविरुद्ध बोललो, तीच एक ओळ त्या ताळेबंदात शंभर वर्षं टिकली.

मुलगा मिनेसोटात असल्यामुळे मला ती इमारत आतून पाहता आली. आत हिरवट उजेड असतो. काउंटरवर एक म्हातारा चेक भरत होता आणि कॅशियरबाईशी हवेबद्दल बोलत होता. त्याने वर एकदाही पाहिलं नाही. मी मात्र मान वर करून उभा होतो, तेव्हा सुरक्षारक्षकाने हसून मला पत्रक दिलं.

या गोष्टीत माझ्या नव्या मताला अडचणीचा ठरणारा भागही आहे, तो लपवत नाही. 1940 मध्ये नव्या मालक बँकेने आतून नूतनीकरण केलं आणि कॅशियरच्या नक्षीदार जाळ्या, जुने काउंटर, बुटक्या भिंती काढून टाकल्या. काही भंगारात गेलं, काही विकलं गेलं. कॅशियरची एक खिडकी आज मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. हे कोणा परक्याने केलं नाही. आत धंदा चालवणाऱ्या बँकेनेच, कामाची सोय म्हणून केलं. आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्याच बँकेने हार्वेल हॅमिल्टन हॅरिस या वास्तुकाराला बोलावून इमारत सांभाळून दुरुस्त करून घेतली. 1976 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तेव्हाही आत पासबुकं भरली जात होती. धंदा चालू राहिला म्हणून इमारत राहिली, आणि धंदा चालू होता म्हणूनच ती मोडलीही. इमारत संवर्धनवाल्या माझ्या एका मित्राला हे दुसरं वाक्य आवडत नाही. मला दोन्ही वाक्यं खरी वाटतात, आणि बँक काढून तिथे संग्रहालय केलं असतं तर ती अधिक सुखरूप राहिली असती, असं मला वाटत नाही. एवढ्याशा गावात संग्रहालयाचं वीजबिल कोण भरणार होतं?

आणि एका बाबतीत मी तसूभरही हललेलो नाही. सुंदर इमारतीने विश्वास निर्माण होतो, असं बँकवाले म्हणतात, आणि सलिव्हनच्या इमारतींबद्दल लिहिणारे कलासमीक्षकही म्हणतात. होत असेल. पण 1926 साली ज्या शेतकऱ्याची ठेव त्या कमानीखाली अडकली, त्याला त्या विश्वासाचं काय करायचं होतं? त्याच्या पैशाची भरपाई रंगीत काचेने झाली नाही. आपल्याकडे 1960 साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यातून 1962 मध्ये ठेवविमा महामंडळ आलं. सुरुवातीला संरक्षण दीड हजार रुपयांचं होतं, आज ते पाच लाखांचं आहे. सहकारी बँकांच्या ठेवीदारांना ते 1968 च्या कायद्याने मिळालं. विश्वास हवा असेल तर तो तिथे आहे, आणि वसुलीच्या टक्केवारीत आहे. दर्शनी भागाने ते काम अंगावर घेऊ नये.

मग बदललं काय? पूर्वी मी विचारायचो, इमारतीवर किती खर्च केला? आता विचारतो, कशावर केला आणि कोणासाठी? आमच्या तालुक्यांच्या गावांतून फिरताना बँकांच्या नव्या इमारती दिसतात. निळ्या काचेचा पडदा, अॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे, पोर्चला दोन खांब, आत बंद होणाऱ्या खिडक्या आणि दिवसभर चालू राहणारा एसी. या इमारतींवर कमी खर्च झालेला नसतो. पण बाजाराच्या दिवशी आलेल्या बाईला बसायला खुर्ची नसते, स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडे असते, आणि अध्यक्षांच्या केबिनचा दरवाजा सागवानी असतो. दहा वर्षांत पत्रे निघतात आणि पुन्हा नूतनीकरणाचा ठराव येतो. मी जन्मभर ज्याला काटकसर म्हणत होतो, ती प्रत्यक्षात अशा इमारतींनाच सोयीची होती. कारण देखणेपणावर बोट ठेवलं की सगळे वाद खर्चाच्या आकड्यावर संपतात, आणि खुर्चीचा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आणि याच गावांत जुन्या पेढ्या, आडत दुकानांचे वाडे, दगडी कमानींच्या सहकारी संस्था अजून उभ्या आहेत. त्या पाडून काचेची इमारत उभारण्याचे प्रस्ताव मी स्वतः टेबलावर तपासले आहेत, आणि जुन्या वास्तूची किंमत घसारा वजा जाता शून्य म्हणून लिहिली आहे. नियमाने ते बरोबर होतं. आज माझ्याकडे तसा कागद आला तर शेरा वेगळा लिहीन.

सप्टेंबरअखेरपर्यंत तुमच्या बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा असेल, अहवालाची पुस्तिका घरी येईल. तिच्यात इमारत निधीची ओळ असली तर ती लगेच खोडायला उठू नका; मी तसं करायचो, आता करत नाही. पण हात वर करण्याआधी नकाशा मागा, आणि पैसे भरायला आलेली बाई त्यात कुठे बसणार आहे हे विचारा. जुनी इमारत पाडायची असेल तर दुरुस्तीचा अंदाजही मांडायला लावा. आणि या सगळ्याच्याही आधी थकबाकीचा तक्ता वाचा. तो वाईट असेल तर नक्षी असो वा नसो, विरोधात मत द्या.